तानाबाईच्या हातची पिन

आमच्याकडं ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायला दोन माणसं लागतात. एक वर बसून मागं बघत शिव्या देतं आणि दुसरं मधे उभं राहून त्या खातं. श्रीमंत आणि तानाबाई या नवरा-बायकोत ही वाटणी ट्रॅक्टर घेतला तेव्हाच, अठरा वर्षांपूर्वी, ठरलेली होती. वर श्रीमंत, मधे तानाबाई.

मी धोंडप्पा. सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. ट्रॉल्या बांधतो, मोडलेल्या सांधतो आणि लोकांच्या संसारात नको तितकं बघतो. न बघून करणार काय? ट्रॉली दुरुस्तीला आली की नवरा-बायको दोघं येतात आणि माझ्याच दारात भांडतात.

ट्रॉलीला पुढं लोखंडी दांडी असते, दांडीच्या टोकाला कडी. ट्रॅक्टरला मागं हूक. ड्रायव्हरनं ट्रॅक्टर मागं घ्यायचा, मधल्या माणसानं दांडी उचलून कडी हुकात धरायची आणि भोकं जुळली की वरून पिन टाकायची. सांगायला एवढंच. पण सीटवरून मागचा हूक दिसत नाही. आणि मधल्या माणसाच्या एका अंगाला ट्रॅक्टरचं चाक असतं, दुसऱ्या अंगाला दहा-बारा टन ऊस. क्लच जरा लवकर सुटला तर ते माणूस मधल्या मधे संपतं.

तानाबाईच्या डाव्या हाताचं मधलं बोट शेंड्याला चपटं झालेलं आहे. ते बोट कडीत सापडलं तेव्हा श्रीमंत खाली उतरला, बोट बघितलं आणि पहिल्यांदा विचारलं, "पिन बसली का?" मग मात्र त्यानं तिला मोटरसायकलवर घालून दवाखान्यात नेलं आणि आठ दिवस तिची लुगडी स्वतः धुतली. माणूस वाईट नाही. फक्त नवव्या दिवशी, पट्टी बांधलेल्या हातानं, पिन तिनंच टाकली.

गडी ठेवायचा की एखादा, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणालो होतो. पण तिथं आडवा येत होता तानाबाईचा हातगुण.

चार वर्षांपूर्वी कारखान्याच्या वाटेवर कॅनॉलच्या पुलाचा चढ चढताना पुढचा एक ट्रॅक्टर भरलेल्या ट्रॉलीसकट उलटा घरंगळत आला आणि श्रीमंतच्या ट्रॅक्टरवर आदळला. श्रीमंतचा ट्रॅक्टर कठड्यापर्यंत फरफटला. पुढचं एक चाक कॅनॉलवर अधांतरी गेलं. पण मागची ट्रॉली जागची हलली नाही आणि पिनही तुटली नाही. त्या पिनेनंच ट्रॅक्टर धरून ठेवला आणि श्रीमंत खाली उतरून रस्त्यावर मटकन बसला. त्या सकाळी पिन टाकली होती तानाबाईनं. झालं! तालुकाभर बोलबाला, की बाईचा हात लई गुणाचा.

ती पिन केली होती मी. ट्रकच्या जुन्या ॲक्सलची, लेथवर तासून, पाणी देऊन. माझ्या हातगुणाचं नाव कुणी काढलं नाही, ते असो.

तेव्हापासून माझ्या वर्कशॉपातून नवी ट्रॉली निघाली की पहिली पिन टाकायला तानाबाईला बोलावणं जायचं. हळद-कुंकू, नारळ, लिंबू. तिला खुर्चीवर बसवायचे, ओटी भरायचे, आणि मग ती उठून एका हातानं पिन सोडायची. ठक्! पहिल्याच दणक्यात. एरवी बांधाच्या दगडावर बसणाऱ्या बाईला वर्षातून आठ-दहा दिवस खुर्ची मिळायची. तेवढा वेळ तिचा चेहरा वेगळाच दिसायचा. मी तो बघितलाय, म्हणून पुढचं सगळं मला जास्त लागलं.

श्रीमंतनं तर तेव्हापासून दुसऱ्या कुणाचा हात पिनेला लागूच दिला नाही. एकदा ती तापानं फणफणली होती म्हणून शेजारच्याकडून पिन टाकून घेतली, तर नेमका त्याच दिवशी टायर फुटला. मग काय, ऑक्टोबरात कारखान्याची मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की एप्रिलपर्यंत तानाबाई रानात डांबली. रोज एक रिकामी ट्रॉली सोडायची, एक भरलेली जोडायची. कधी सकाळी सातला, कधी दुपारी. ऊसतोडीच्या टोळीनं ट्रॉली भरली की श्रीमंत हॉर्न वाजवणार आणि ही भाकरी टाकून पळणार. लग्नकार्य नाही, बारसं नाही, मोहोळला दिलेल्या लेकीच्या घरी एक मुक्काम नाही. लोक वर म्हणायचे, "नशीबवान हाईस बाई, नवऱ्याचं पान हालत न्हाय तुझ्याबिगर." ती हसायची. दुसरं काय करणार?

तिची आई गुरम्मा अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेवर राहते. एकटीच, दोन शेळ्या घेऊन. तानाबाई एकुलती. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशन फुकट होणार होतं, पण डॉक्टरांची अट अशी, की पंधरा-वीस दिवस घरात कुणीतरी पाहिजे. दर दोन तासांनी थेंब घालायचे, चुलीपाशी जाऊ द्यायचं नाही, वाकू द्यायचं नाही. म्हातारीला इकडं आणावं, तर ती म्हणे जावयाच्या दारात डोळे बांधून बसणार नाही, आणि शेळ्या कुणाकडं ठेवू? पहिली तारीख दिवाळीनंतरची होती. मोळी नुकतीच पडलेली, ती चुकली. दुसरी डिसेंबरातली, तीही चुकली. दोन्ही वेळा तानाबाईनं फोनवर "बर्तीनि अव्वा" म्हटलं, म्हणजे येते गं आई, आणि गेली नाही. दरम्यान म्हातारी उंबऱ्याला अडखळून पडली. डॉक्टरांनी तिसरी तारीख दिली संक्रांतीनंतरच्या सोमवारची आणि सांगितलं, आता उजव्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलं तर पुढं काही करता येणार नाही.

त्या तारखेच्या आठ दिवस आधी तानाबाई माझ्याकडं आली. सोलापुरात संक्रांतीची गड्ड्याची जत्रा भरलेली, वर्कशॉपला चिटपाखरू नव्हतं. तिनं पिशवीतून मोबाइल काढला.

"अण्णा, ह्ये बगा जरा."

मला वाटलं, मोबाइल बिघडला. मी म्हणालो, "मी लोखंड जोडतो, मोबाइल न्हाय."

"बगा तरी."

कुठल्या तरी परदेशातला व्हिडिओ होता. पांढऱ्या केसांची एक बाई, पँट घातलेली, आणि तिच्या गाडीमागं चाकांवरचं अख्खं घर. खिडक्या, पडदे, सगळं. बाईनं गाडीला एक उभी काठी लावली, घराच्या दांडीला एक लावली. मग गाडीत बसून, आरशात बघत, दोन काठ्या एका रेषेत आणत मागं आली. खट्‌. घर जोडलं. बाई उतरली, हात झटकले, निघून गेली. मधे कुणी उभं नव्हतं.

"हिचा नवरा कुटं असंल?" तानाबाईनं विचारलं.

"मला काय ठाव? मेला असंल, न्हायतर घरात झोपला असंल."

"एकटी जोडती. आन जाती पण एकटी." तिनं व्हिडिओ पुन्हा लावला. तिनं तो किती वेळा बघितला होता कोण जाणे, कुठं काय होणार ते तिला पाठ होतं. "अण्णा, आमच्या मालकांना आसं करून द्या. त्यांचं त्यांनी जोडलं तर मी सुटंन. निदान म्हैनाभर तरी."

'सुटंन' हा शब्द तिनं इतक्या साधेपणानं उच्चारला, की मी पुढची थट्टा गिळली.

व्हिडिओतलं सामान नाजूक होतं. आमची ट्रॉली म्हणजे नुसता धसमुसळेपणा. तरी पाच दिवस खपलो. दांडीखाली घडीचा लोखंडी पाय लावला, म्हणजे कडी कायम हुकाच्या उंचीवर उभी राहील. हुकाच्या दोन्ही बाजूंना पत्रे लावले, नरसाळ्यासारखे बाहेर पसरलेले. कडी वीतभर इकडंतिकडं आली तरी आपोआप मधे सरकेल. दोन लाल काठ्या, एक हुकावर आणि एक दांडीवर, सीटवरून दिसतील अशा. आणि शेवटी पिन. तिला स्प्रिंग बसवली. दोरी ओढली की पिन वर अडकून राहायची आणि कडीचा धक्का बसला की खाली सुटायची. या पिनेनं मला दोन दिवस रडवलं. तानाबाई रोज संध्याकाळी जीपनं यायची, दगडावर बसून बघायची. "स्प्रिंग जरा नरम हाय, अण्णा," असं तिनंच सांगितलं. अठरा वर्षं पिन हातात खेळवलेली बाई ती. तिचं बरोबर निघालं.

शुक्रवारी संध्याकाळी माझ्या दारातल्या ट्रॅक्टरवर मी चाचणी घेतली. काठ्या एका रेषेत, कडी आत, पिन ठक्! मी वरून ओरडलो, "बसली!" आणि मागं वळून तानाबाईकडं बघितलं. वाटलं होतं, नाचेल. ती हसली, पण थोडं उशिरानं. त्याआधी तिचा चेहरा क्षणभर पडला होता. कुणीतरी आपल्या हातातलं ताट काढून घ्यावं तसा. स्वतःहून दिलेलं ताट होतं, तरीही.

रविवारी सकाळी त्यांच्या रानात जाऊन सगळं बसवलं. भरलेली ट्रॉली तयार होती. ऊसतोडीची टोळी जमली. शेजारच्या वावरातला रावजी आला. त्याचाही ट्रॅक्टर आहे. त्याची बायको केराबाई कमरेवर घागर घेऊन उभी राहिली. श्रीमंत सीटवर बसला, लाल काठ्यांकडं डोळे बारीक करून बघत मागं आला, आणि पहिल्या झटक्यात ट्रॉली जोडली गेली. टोळीनं टाळ्या वाजवल्या. मग काय विचारता! पठ्ठ्यानं सोडून पुन्हा जोडली, पुन्हा सोडली, पुन्हा जोडली. खाली उतरून माझ्या पाठीत गुद्दा घातला. "अण्णा, डोकं हाय तुझं!"

तानाबाईची पिशवी भरून बांधावर ठेवलेली होती. सकाळीच ठेवली होती.

श्रीमंत हुकापाशी वाकला, पिनेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "येवडी स्प्रिंग काढून टाक. बाकी ऱ्हाऊ दे."

"का?" मी विचारलं.

"पिन हिच्या हातची पायजे."

तानाबाई म्हणाली, "मग मी जाऊ कशी? उद्या हाय अव्वाचं आपरेशन."

"कारखाना बंद झाला की जाऊ. मी सोता नेतो. अव्वा काय पळून जाती का?"

"डोळा जातोय, मालक."

"आन माझा जीव गेला म्हंजी?"

मी मधे पडलो. म्हणालो, "अरे बाबा, त्या दिवशी लोखंडानं धरलं. चांगलं लोखंड होतं. ही पण त्याच लोखंडाची केलीय." त्यानं मला हात जोडले. "अण्णा, तुज्या लोखंडाला नमस्कार. पण कॅनॉलवर लोंबकळत मी हुतो, तू न्हाय."

एवढं बोलून त्यानं पिन पुन्हा एकदा चाचपून बघितली. चार वर्षं मी त्याला हट्टी समजून शिव्या घातल्या होत्या. तो हट्टी नव्हता, तो भ्यालेला होता. हट्टी माणसाशी भांडता येतं. भ्यालेल्याशी काय भांडायचं? पाच दिवस खपून मी कुलूप काढलं म्हणून खुशीत होतो, आणि कुलूप भलतीकडंच होतं. मला त्या बाईसाठी इतकं वाईट वाटलं, की तिच्याकडं बघवेना.

तानाबाईनं बांधावरच्या पिशवीकडं बघितलं. मग ट्रॉलीकडं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"त्या दिवशी पिन मी टाकलीच न्हाय."

"काय?" श्रीमंत म्हणाला.

"पुलावरच्या दिवशी. मी पानी आनाया गेलते. तुमी हॉर्न मारीत हुता. ही हितंच उभी हुती, हिनं टाकली." आणि तिनं केराबाईकडं बोट दाखवलं.

सगळ्यांच्या माना केराबाईकडं वळल्या. केराबाईचं तोंड उघडलं. मिटलं. रावजी बायकोकडं असा बघायला लागला, जणू नवी नवरी घरात आली. केराबाईनं घागर खाली ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"व्हय की," ती म्हणाली. "मीच. म्हनलं, कशाला बोलायचं."

श्रीमंत बायकोकडं वळला. "चार वर्सं बोलली न्हाईस?"

"लोकं मान देत हुती," तानाबाई म्हणाली. "ग्वाड वाटलं. ऱ्हायले गप."

टोळीतल्या बायका एकमेकींकडं बघून ओठ मुडपायला लागल्या. याच बायका दोन महिन्यांपूर्वी हळदीनं तिचे हात माखत होत्या. श्रीमंतनं बाजूला वळून तंबाखू थुंकली. मला वाटलं, आता हा मारणार हिला. पण तो केराबाईपाशी गेला आणि अदबीनं म्हणाला, "वैनी, ह्या पिनेला एकडाव हात लावा."

केराबाईनं हात लावला. श्रीमंतचं समाधान झालं. दुसऱ्याच्या बायकोचा हात एकदा लागला तरी हंगामभर पुरतो, आपल्या बायकोचा मात्र रोज लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. तो ट्रॅक्टरवर चढला, एकट्यानं ट्रॉली जोडली आणि तानाबाईकडं न बघता कारखान्याच्या वाटेला लागला.

मी तिला मोटरसायकलवर घेऊन अक्कलकोट रोडला आलो. एसटीची वाट बघत उभे होतो. मला राहवेना.

"तानाबाई, खरं सांगा. केराबाईनं टाकली हुती?"

तिनं नाकाला पदर लावला. "अण्णा, केराबाई त्या दिवशी रानात नव्हतीच. म्हाहेरी गेलती."

मी हबकलो. "मग तिनं हो म्हटलं?"

"कोन न्हाय म्हनंल? आयुष्यात एकडाव कुनी चांगलं म्हनलं तर न्हाय म्हनवत न्हाय. मलाबी चार वर्सं म्हनवलं न्हाय."

"आणि रावजी? बायको त्या दिवशी घरी नव्हती, त्याला तर आठवायचं!"

"बायकू घरात हुती का नव्हती, त्ये कुनाला आटवतंय चार वर्सांनी?" असं म्हणून ती हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. रस्त्यात, भर उन्हात, चपटं बोट तोंडात धरून रडली. "मीच टाकलीती, अण्णा. माझ्याच हातची हुती ती. तुमी कुनाला सांगू नका."

एसटी आली आणि ती गेली.

म्हातारीचा उजवा डोळा वाचला. तानाबाई तेवीस दिवस तिथं राहिली. दर दोन तासांनी थेंब घातले. परत आली तेव्हा माझ्याकडं त्या स्प्रिंगच्या पिनेच्या सहा ऑर्डरी आल्या होत्या. लोक तिला 'श्रीमंत पिन' म्हणतात. श्रीमंतला ते आवडतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रावजीनंच माझ्याकडून नवी ट्रॉली नेली. नारळ फुटला, खुर्ची मांडली. खुर्चीवर केराबाई. ओटी भरली, हातांना हळद लावली. तानाबाई बायकांच्या घोळक्यात मागं उभी होती, हातात खोबऱ्याचा तुकडा. केराबाईनं पिन टाकली ती तिरपी अडकली. हातोड्यानं दोनदा ठोकावी लागली. तरी सगळे म्हणाले, "वा! काय हात हाय!"

मी वेल्डिंगवाला माणूस, ठिणग्या सोसायची सवय आहे. पण हे सोसेना. मी दोन पावलं पुढं झालो, तोंड उघडलं. तानाबाईनं माझ्याकडं बघितलं, मान अगदी किंचित हलवली. मी तोंड मिटलं आणि उगाच हातोडा पुसत बसलो.

सगळे पेढे खात असताना ती माझ्याजवळ आली. "निगते, अण्णा. अव्वाच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख हाय मंगळवारी."

"मालकांना विचारलं?"

"सांगितलं. जा म्हनले."

श्रीमंत तिथंच होता, रावजीच्या ट्रॅक्टरवर हात टेकून, लोकांना लाल काठ्यांची गंमत समजावून सांगत. बायको पिशवी घेऊन समोरून गेली तेव्हा त्यानं वर बघितलं, आणि पुन्हा बोलायला लागला. कधी येणार, हेही विचारलं नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदाच तिला कुणी थांबवत नव्हतं. वर्कशॉपच्या फाटकापाशी ती जरा थांबली, हाक येते का बघितल्यासारखी. मग पदर खोचून रस्ता ओलांडून गेली.